ट्रॉली जोडली की दिवे जातात, सॉकेटला करंट तर दाखवतोय, काय बघू?

निपाणीभाग_ऊसवाला
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या हायत, हंगाम चालू झालाय आणि लाईटनं डोकं फिरवलंय. ट्रॅक्टरच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला की पिनांवर १२ च्या वर दाखवतोय, ट्रॉलीला सुटी बॅटरी लावली की तिचे पण सगळे दिवे लख्ख, खरं दोन्ही जोडलं की पार्किंग मिणमिणतंय, ब्रेक दाबला की इंडिकेटर पण अंधूक पेटतात आणि इंडिकेटर टाकला की टेल लाईट त्याच्याबरोबर उघडझाप करतोय. फ्यूज काय उडत नाही. कारखान्याला नंबर रात्रीच लागतोय, हायवेवर मागनं येणाऱ्याला आपण दिसलोच नाही तर काय, याची भीती वाटते. एकजण म्हणतोय सगळं वायरिंग नवं घाला, दुसरा म्हणतोय फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करणारा रिले) बदला. संकेश्वर नाहीतर चिकोडीकडं चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन असला तर तेवढं सांगा की.

अथणी_रोड
दिवे नीट होईस्तोवर रात्री काढू नका ओ, नंबर गेला तर गेला. आणि दोन्ही ट्रॉल्यांना मागं लाल रेडियम पट्टी आजच मारा. उसाचे वाढे खाली लोंबतात, त्यानं झाकणार नाही अशी खाली फाळक्यावर मारा.

हुक्केरी_वायरिंग
दादा काय विकत आणू नका अजून. एक बल्ब पेटवला की दुसराच पेटतोय म्हणजे करंटला परत जायला वाट नाही, तो दुसऱ्या बल्बातनं वाट काढतोय. अर्थ (अर्थिंग, बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) गेलाय. तुम्ही मीटरची काळी पिन ट्रॅक्टरच्या बॉडीला लावली असणार आणि सुट्या बॅटरीचा मायनस ट्रॉलीच्या चासीला, म्हणून दोन्हीकडं सगळं बरोबर दिसतंय, खरं त्या दोघांच्या मधला अर्थ तपासलाच गेला नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते, सगळा करंट हुकाच्या खिळ्यातनं परत जातोय, तिथं गंज, ग्रीस आणि माती. मीटरला जवळपास करंटच लागत नाही म्हणून वायरीतली एकच बारीक तार शाबूत असली तरी तो १२ दाखवतो, २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तिथं खरं कळतं.
आता हे करा: सगळं जोडा, पार्किंग चालू, एकानं ब्रेक दाबून धरा, आणि एक जाड वायर बॅटरीच्या मायनसपासनं थेट ट्रॉलीच्या चासीला रंग खरवडून टेकवा. दिवे लख्ख झाले तर रोग सापडला. मीटरनं बघायचं असलं तर दिवे चालू ठेवूनच याच दोन जागांमध्ये व्होल्ट बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर नको.

खानापूर_टेम्पो
अर्थ बरोबरच, खरं सॉकेट पण उघडून बघा. १२ व्होल्टच्या ७ पिनी सॉकेटात अर्थ ३ नंबरला येतो, ट्रकच्या २४ व्होल्टवाल्यात १ नंबरला. ट्रकवर काम केलेला माणूस सवयीनं तसंच जोडून जातो. आणि जुन्या ट्रकचं सामान लावलं असलं तर बल्बवर २४ लिहिलंय का बघा, तो १२ वर मिणमिणणारच.

निपाणीभाग_ऊसवाला
वायर टेकवली की पहिली ट्रॉली एकदम लख्ख!! ३ नंबरच्या पिनची वायर आत कुजून हिरवी पडलेली. बल्ब १२ चेच हायत. खरं मागची ट्रॉली अजून थोडी मंदच आहे, ती एलईडी करू काय?

हुक्केरी_वायरिंग
आत्ता नको. एलईडी कमी करंटवर पेटते, खराब जोड तसाच लपून राहतोय, वर फ्लॅशर पण बदलावा लागेल. दोन्ही ट्रॉल्यांचे ब्रेक मिळून चार बल्ब, ८४ वॅट, म्हणजे ७ अँपिअर, ते बारीक वायरीतनं शेवटपर्यंत पोचत नाही. अर्थला २.५ स्क्वेअर एमएमची वायर सॉकेटपासनं मागच्या ट्रॉलीपर्यंत सलग न्या, प्रत्येक चासीला थिंबल (वायरच्या टोकाला दाबायची भोकाची पट्टी) लावून बोल्टनं आवळा, पिळून टेप गुंडाळू नका. होल्डर पॉलिश पेपरनं घासा. दोन ट्रॉल्यांच्या मधी वायर थोडी ढिली सोडा, शेतातनं पूर्ण वळवून बघा ताणत नाही ना, आणि मग भरा.