साठीच्या उंबरठ्यावरचे काम : नागपूरकरांचे अनुभव

आवाहन
राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात. खासगी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्यांना ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते, पण तिची किमान रक्कम 2014 साली महिना 1000 रुपये ठरली होती, आणि तेवढ्यात घर चालत नाही. ज्येष्ठांना कामावर टिकवताना किंवा परत आणताना नेमका कशाचा उपयोग झाला, ते कृपया तपशिलाने लिहावे.

वर्कशॉपचालक, हिंगणा एमआयडीसी
लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या आमच्या टर्नरकाकांना 58 पूर्ण झाल्यावरही काम करायचे होते, परंतु वर्निअर या मापाच्या साधनावरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या. आम्ही डिजिटल वर्निअर आणला, लेथवर दिवा बसवला आणि कातायचा जड धातूचा तुकडा (जॉब) चढवण्यासाठी चेन पुली लावली. तिचा फायदा आज तरुण मुलांनाही होतो. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभे राहवत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्यांची वेळ सकाळी 7 ते 11 असते. कातताना निघणाऱ्या धातूच्या चिपचा रंग निळा पडू लागला की टूल बोथट झाले आहे किंवा वेग जास्त आहे, हे ते मशीन थांबवून शिकाऊ मुलांना दाखवतात. नोकरी चालू ठेवली तर पेन्शन बुडेल, अशी त्यांना धास्ती होती. 58 नंतर मालकाचा पेन्शनचा हिस्सा पीएफ खात्यातच जमा होतो, आणि पेन्शन 60 पर्यंत पुढे ढकलल्यास दर वर्षी 4 टक्के वाढ मिळते, हे कागद समोर ठेवून सांगितल्यावरच ते निश्चिंत झाले.

एक सून, महाल
सासूबाई इतवारीतल्या एका कापड दुकानात वह्या लिहीत असत. संगणक आल्यावर त्यांना घरी बसवण्यात आले. जमा-नावे त्यांना माझ्याहून उत्तम येत होते, अडत होते ते फक्त माउसपाशी. रोज संध्याकाळी टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवल्यावर त्या आता दुसऱ्या दुकानात अर्धा दिवस जातात. पगार तासांप्रमाणे पूर्ण मिळतो, आणि माझ्या मते तोच खरा सन्मान आहे.

निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर
मुलीने माझ्या बायोडाट्यातले हुद्दे खाली नेले आणि ‘कर्जाची कागदपत्रे तपासता येतात’ हे पहिल्या ओळीत आणले. त्यानंतर एका पतसंस्थेने बोलावले. रुजू होण्यापूर्वी कामाचे तास आणि मानधन लेखी ठरवून घ्यावे, असे मी माझ्या वयाच्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.