मदत हवी आहे : देव्हारा कुठे बसवू? घाई आहे

मंजिरी_म :
रविवारी सासूबाई गावाहून देव घेऊन येतायत. वन बीएचके, जागा कुठेच नाही. ईशान्येला संडास. हॉलमध्ये टीव्हीशेजारी चालेल का? ऑनलाइन बघितलेले देव्हारे एकतर राजवाडे, नाहीतर भातुकलीतले. लवकर सांगा, आजच ऑर्डर द्यायची आहे.

चाळकरी :
देव किती आणि कोणते? नुसते टाक (पत्र्यावर ठसा उठवलेले छोटे देव) असतील तर वीतभर जागा पुरते. समई लावणार असाल तर हिशेब वेगळा.

अप्पा_पार्लेकर :
टीव्हीशेजारी अजिबात नको. देवांचं तोंड पश्चिमेला, म्हणजे पूजा करणारा पूर्वाभिमुख. संडासाची भिंत तर वर्ज्यच.

सरळसोट :
अप्पा, बिल्डर पाइपलाइन बघून संडास काढतो, वास्तुपुरुष बघून नाही. लालबागच्या आमच्या खोलीत देव कोनाड्यात होते, पलीकडे मोरी. काही अडलं नाही कुणाचं.

अप्पा_पार्लेकर :
तुमचं अडलं नाही म्हणून शास्त्र खोटं?

मंजिरी_म :
वाद नंतर घाला प्लीज. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख, घंटा, खंडोबा-भवानीचे टाक. रोज निरांजन, सणावारी समई.

चाळकरी :
मग सोपं आहे. स्वयंपाकघरात छातीच्या उंचीवर फळी ठोका.

मंजिरी_म :
घरमालक खिळासुद्धा मारू देत नाही.

चाळकरी :
भाड्याचं घर होय! हे आधी सांगायचं ना. ठोकाठोकी विसरा. कमरेइतकं छोटं कपाट घ्या. वर देव, खाली खणात वाती, कापूर, उदबत्त्या. घर बदललं की उचलून न्यायचं. फक्त एमडीएफ (दाबलेल्या भुशाचा बोर्ड) नको, तांब्यातलं पाणी सांडत राहिलं की कडा फुगतात. सागवान परवडत नसेल तर वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर ग्रॅनाइट. बिल्डिंगमध्ये कुणाच्या ओट्याचं काम निघालं असेल तर सिंकसाठी कापलेला तुकडा मागून घ्या, फेकूनच देतात. निरांजनावर लाकडी छत येऊ देऊ नका. आणि ऑफिसला निघताना दिवा शांत करून निघा.

काकू_दादर :
पंचायतन मात्र पूर्ण करा हो, पाच देवांचे पाच दगड. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतला, शंकराचा बाण नर्मदेतला, गणपतीचा तांबडा शोणभद्र, सूर्याचा स्फटिक, देवीचा सुवर्णमुखी.

सरळसोट :
काकू, पंचायतनाचं विचारलंय कुणी?

नवा_भिडू :
धागा निघालाच आहे तर, पितळी समई चिंचेने घासावी की पितांबरीने?

काकू_दादर :
चिंचेने, मग लगेच कोरडी पुसा. पण टाक घासू नका! चांदीचा पत्रा पातळ, त्यावर ठसा उठवलेला. माझ्या जावेने राखेने घासून घासून खंडोबाचा घोडा घालवला, आता मल्हारी अधांतरी बसलेत.

मंजिरी_म :
चाळकरी, कपाटाचं पटलं. खिडकीकडे तोंड करून ठेवते, दुसरी भिंत मोकळी नाही.

अप्पा_पार्लेकर :
खिडकी कोणत्या दिशेला?

मंजिरी_म :
पश्चिम.

अप्पा_पार्लेकर :
मग मी पहिल्यापासून काय सांगतोय!

सरळसोट :
पश्चिमेची खिडकी म्हणजे जूनपासून झड थेट आत. कपाट दोन हात मागे घ्या आणि प्लायच्या कडा सील करून मागा, नाहीतर अप्पांची दिशा बरोबर आणि देव ओले.