शब्द नाहीत तरी रोज ऐकतोय

दादा: लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा. गेले तीन महिने मी एकच बँड ऐकतोय, मोगवाय. ग्लासगोची पोरं, 1995 मध्ये सुरू केलेला बँड. रॉक आहे पण गाणं म्हणणारा जवळपास कुणी नाही, गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड, झालं. पहिल्यांदा लावलं तेव्हा आता गायक येईल मग येईल करत पाच मिनिटं थांबलो आणि बंद करून टाकलं.

ताई: मग परत कसा काय लागलास ऐकायला?

दादा: रात्री काम करत होतो, हेडफोन होते, यंग टीम हा त्यांचा 1997 चा पहिला अल्बम तसाच चालू राहिला. त्यातला दुसरा ट्रॅक साडेअकरा मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीला इतका हळू की मी आवाज वाढवला, बेस तीच एक ओळ घेऊन फिरतोय, गिटार जेमतेम ऐकू येतेय, मला वाटलं असंच संपणार, आणि एकदम सगळे एका क्षणी तुटून पडले ना, मी खुर्चीतून उठलोच. मग परत शांत. आणि ती शांतता आता पहिल्यासारखी नव्हती, कारण पुढे काय होऊ शकतं हे कळलेलं होतं, श्वास धरून ऐकत होतो मी.

मावशी: अरे विलंबित ख्यालात पण असंच, घाई करणाऱ्याला काही मिळत नाही. बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत जातो ना, ती ऐकायला बसावं लागतं

दादा: अगदी मावशी!! फक्त इथे सूर फार बदलतच नाहीत, तेच चारदोन सूर पण गिटारला जोडलेलं पायाखालचं पेडल दाबलं की गिटारचा आवाज फाटतो, जाड होतो, अंगावर येतो. ताना नाहीत की सोलो नाही, कुणालाच पुढे यायचं नाहीये, मला ते फार आवडतं.

मामा: मी दोन मिनिटं ऐकलं. नुसता गोंगाट वाटला मला तरी

दादा: मामा तुम्ही फुटबॉलवाले, तुम्ही झिदानवरची ती 2006 ची डॉक्युमेंटरी बघा. 2005 ची एक मॅच, रेआल माद्रिद आणि व्हियारेआल, आणि पूर्ण वेळ कॅमेरे फक्त झिदानवर. तिचं संगीत ह्यांचंच. तो नुसता चालतोय, उभा आहे, मोजा ओढतोय, आणि खाली ती गिटार. शेवटी रेड कार्ड मिळून बाहेर जातो. शब्द असते तर बिघडलं असतं सगळं.

मामा: बरं ते बघतो. झिदान असेल तर बघतोच

ताई: मी कुठून सुरू करू ते सांग, साडेअकरा मिनिटं नको लगेच

दादा: मग 2021 चा ॲज द लव्ह कंटिन्यूज घे, मोकळा आहे, सुरेल आहे. तो ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला होता, बँड सुरू होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा! मला ते वाचून इतका आनंद झाला, जसं काही घरातलंच कुणी पहिलं आलंय.

मावशी: मला तो शांत वाला पाठव, साडेअकरा मिनिटांचा

दादा: पाठवला. मावशी, सुरुवातीला ऐकू आलं नाही तरी आवाज वाढवू नकोस हं, प्लीज.