सोलापूरचा उन्हाळा, गिटार आणि बोटांवरचे घट्टे

प्रश्न: मी सोलापुरात पोलादी तारांची अकूस्टिक गिटार शिकत आहे. डाव्या हाताच्या बोटांवर घट्टे पडले आहेत. परंतु इथल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांच्या कडा सुटतात. त्या कापून टाकाव्यात काय?

उत्तर १: कापू किंवा सोलू नयेत, कारण खालची कोवळी त्वचा उघडी पडते. कड तारेत अडकत असेल तर नखांच्या बारीक कानशीने घासून सपाट करावी. दाब आणि घर्षण वारंवार झाल्याने त्वचेचा बाहेरचा थर जाड होतो, म्हणून केवळ रविवारी तासन्‌तास वाजवण्यापेक्षा रोज थोडा वेळ वाजवणे हितावह. मात्र अंघोळीनंतर त्वचा मऊ असताना लगेच वाजवू नये. खोबरेल तेल लावायचे ते सरावानंतर, रात्री.

उत्तर २: सहमत. तरीही घट्टा फार जाड होणे हे कौशल्याचे लक्षण मानू नये (नवशिक्यांना त्याचा उगाच अभिमान वाटतो). बहुधा तार गरजेपेक्षा जोरात दाबली जात असते. बोट फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरील आडव्या धातूच्या पट्टीच्या) लगेच मागे टेकवल्यास कमी दाब पुरतो. मानेपासून तारांची उंची जास्त असल्यास ती कमी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पहिली तार 0.012 इंचांची आहे. ती बदलावी काय?

उत्तर २: होय, पहिली तार 0.010 इंचांची असलेला तारांचा संच लावून पाहावा. आवाज किंचित कमी भरदार होईल.