मदत हवी आहे: सेंट्रिफ्यूजच्या फिल्टरमध्ये माझं निम्मं एन्झाइम कुठे जातंय?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला आहे. प्रकल्प म्हशीच्या दुधातल्या लॅक्टोपेरॉक्सिडेज या एन्झाइमवर. दूध गंगावेशीच्या कट्ट्यावरून आणते, डोळ्यांदेखत पिळलेलं. साय काढून, पीएच ४.६ ला केसीन खाली बसवून, निवळी पुन्हा पीएच ७ ला आणते आणि कॅटायन एक्स्चेंज कॉलमवर (धन भाराचं प्रथिन धरून ठेवणाऱ्या) चढवते. ०.५ मोलर मिठाने एन्झाइम सुटतं, हलकी तपकिरी झाक दिसते. तो रंग पहिल्यांदा दिसला तेव्हा फार आनंद झाला होता.

अडचण पुढे आहे. हे १५ मिली द्रावण मला फ्रीज ड्रायरमध्ये सुकवायचं आहे, म्हणून आधी मीठ काढायला हवं. ३० किलोडाल्टनचा (त्याहून मोठे रेणू वर अडवणारा) १५ मिलीचा फिल्टर वापरते. एन्झाइम साधारण ७८ किलोडाल्टनचं, म्हणजे पडद्यातून निसटायला नको. अर्धा मिली उरेपर्यंत फिरवते, मग डिस्टिल्ड वॉटरने १५ मिलीपर्यंत भरून पुन्हा फिरवते, असं तीनदा.

शेवटी एकूण अ‍ॅक्टिव्हिटीच्या निम्मीही हाती लागत नाही. खाली गळलेल्या पाण्यात ४१२ नॅनोमीटरला (हे एन्झाइम जो प्रकाश शोषतं, त्या तरंगलांबीला) काहीच दिसत नाही, अ‍ॅक्टिव्हिटीही शून्य. दुसऱ्या धुण्यानंतर वरचं द्रावण किंचित गढूळ होतं. आमच्या मशीनवर फक्त आरपीएम दिसतं. १० सेंमी त्रिज्येला ५००० आरपीएम म्हणजे सुमारे २८०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर), हे मी काढून पाहिलंय. फिल्टर महाग आहेत, सरांकडे दर वेळी नवा मागवत नाही. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, खाली गळत नसेल तर ते वरच आहे, फक्त द्रावणात नाही. मला संशय डिस्टिल्ड वॉटरचा. या एन्झाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) ९ च्या वर आहे, त्यामुळे पीएच ७ ला त्याच्यावर भरपूर धन भार असतो. मीठ सगळं काढलंत की ते पडद्याला, भिंतीला चिकटू शकतं, एकमेकांतही गोळा होऊ शकतं. गढूळपणा त्याचीच खूण वाटते.

आणि तीन वेळा धुणं कशाला? नुसतं आटवल्याने मीठ कमी होत नाही, अर्ध्या मिलीतही ते ५०० मिलिमोलरच असतं. पहिल्यांदा १५ मिली भरलं की १७ च्या आसपास, दुसऱ्यांदा ०.६. बस झालं. पाण्याऐवजी २० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट वापरा, सुकवताना ते उडून जातं.

रिकामा फिल्टर ०.५ मोलर मिठाच्या बफरने धुऊन अ‍ॅक्टिव्हिटी बघा. आली तर चोर सापडला. आणि फिरवणं थांबलं की द्रावण लगेच काढून घ्या, पडद्यावर बसू देऊ नका.

धागाकर्ती:

दादा, खूप आभार. कालचा फिल्टर फ्रिजमध्ये बफरमध्ये बुडवून ठेवला होता. आत्ताच मिठाच्या बफरने धुतला: ४१२ ला छोटं शिखर आलं आणि एबीटीएस (एन्झाइम चालू असेल तर रंग बदलणारं रसायन) हिरवं झालं! गेलेलं सगळं नाही, पण बरंच परत मिळालं. आता एकच विचारते: आमचा रोटर फिक्स्ड अँगलचा आहे, पडद्याची बाजू वर ठेवायची ना?

प्रतिसाद:

हो, वरच. गाळ पडद्यावर न बसता खाली सरकतो.