घरच्या घरी लघुपट करणाऱ्यांनो, आपापल्या युक्त्या इथे लिहा

रानजाई
आमच्या मंडळात गणपतीत मुलांनी केलेला लघुपट दाखवला आणि मिनी डीव्ही टेपवर काम करायचो ते दिवस आठवले. चित्र आता केवढं सुरेख येतं! पण संवाद तेव्हाही ऐकू येत नसत आणि या मुलांचेही आले नाहीत. प्रेक्षक अंधुक चित्र चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. म्हणून हा धागा. वापरून पाहिलेलं लिहा, आकड्यांसकट. कुठला कॅमेरा घ्यावा हा वाद इथे नको.

सुरुवात माझ्याकडून, आवाजापासून. माइक कॅमेऱ्यावर नाही, बोलणाऱ्याजवळ हवा. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत. दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून खिशात ठेवला तरी चालतं: वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, एअरप्लेन मोड चालू. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवायची की नेहमीच्या बोलण्याचे उंचवटे मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास येतील. ओरडण्याचा प्रसंग असेल तर आधी नटाला खरंच ओरडायला लावून मग पातळी बसवा. मीटरच्या शून्याला (वरच्या टोकाला) आपटून फाटलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

पंखा बंद, एसी बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जात नाही. प्रत्येक खोलीत शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन संवादांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते.

पाटीवरची
किल्लीची युक्ती आजच आमच्या ग्रुपवर टाकते.
कुकरच्या शिट्ट्यांचं काय करायचं? सकाळी 8 ते 10 अख्खी बिल्डिंग शिजवत असते.

शिवडीकर
त्या वेळात संवाद ठेवूच नका. नुसत्या हालचालींचे शॉट्स, हातांचे, वस्तूंचे क्लोजअप तेव्हा उरकायचे. संवाद दुपारी 2 ते 4, सगळे झोपलेले असतात. खोली घुमत असेल तर फ्रेमबाहेरच्या भिंतींवर गोधड्या आणि सतरंज्या टांगायच्या, दोन नटाच्या समोर, एक पाठीमागे. फरशीवरही एक. रिकाम्या फ्लॅटमध्ये याशिवाय संवाद घेऊ नये.

मोरपंखी
साडीवर माइक लावायचा प्रश्न कायम येतो म्हणून लिहून ठेवते. पदराच्या निऱ्यांना खांद्यावर पिन लावतो तिथे माइक नको, मान वळली की आवाज जातो. ब्लाउजच्या गळ्याच्या मध्यावर आतून लावायचा. मायक्रोपोर चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांच्या, चिकट बाजू बाहेर ठेवून, त्रिकोणी घड्या घाला आणि माइक त्या दोघांमध्ये धरून एक बाजू कापडाला, एक त्वचेला चिकटवा. खाली वायरचा छोटा वेढा करून तोही चिकटवा, म्हणजे ओढ माइकवर येत नाही. सुती साडी आवाज करत नाही. सिंथेटिक आणि कडक कांजीची मात्र प्रत्येक श्वासाला चुरचुरते.

मंगळसूत्र हा खरा शत्रू. वाटी माइकवर टकटक आपटते आणि तो आवाज नेमका शब्दांवर बसतो. वाटीच्या मागे मायक्रोपोरचा तुकडा लावून ती ब्लाउजला चिकटवून टाका. काचेच्या बांगड्यांना आतल्या बाजूने दोऱ्याने एकत्र बांधा. बांगड्यांचा किणकिणाट हवा असेल तर वेगळा रेकॉर्ड करून एडिटमध्ये घाला, हवा तिथे हवा तेवढा.

पाटीवरची
मोरपंखीताई, सोनं! नऊवारीला पण हेच?

मोरपंखी
हो, तेच. ट्रान्समीटर (बिनतारी माइकची डबी) मात्र कमरेला कासोट्यापासून लांब, बाजूला खोचायचा, नाहीतर बसता येत नाही.

धुळ्याचा गणू
आवाज झाला, आता उजेडावर लिहा कुणीतरी. घरात ट्यूबलाइटखाली घेतलं की चित्रात पट्टे फिरतात. कॅमेरा खराब आहे का?

उजेडवाला
कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला 100 वेळा मिचकतात. शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) 1/50 सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन मिचकावण्या पडतात, उजेड सारखा येतो. 1/60 ठेवलं की कधी जास्त, कधी कमी, आणि पट्टे फिरायला लागतात. म्हणून फ्रेमरेट 25 (सेकंदाला 25 चित्रं), शटर 1/50. फोन आपणहून 30 वर असतो, तो हाताने बदला. ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा अ‍ॅप यासाठी चांगलं, त्यात शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही कुलूपबंद करता येतात. स्लो मोशन घरातल्या दिव्यांत हवं असेल तर 100 फ्रेम आणि 1/100. 120 घेतलं की पुन्हा मिचमिच.

डिमरवर मंद केलेले स्वस्त एलईडी शटर कितीही ठेवलं तरी मिचकतात. ते डिमरवर मंद करू नका, पूर्ण चालू ठेवून लांब न्या नाहीतर समोर बटर पेपर लावा.

बाहेरच्या उन्हाचं गणित वेगळं. कडक ऊन, आयएसओ 100, शटर 1/50 म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/22 (लेन्सचं तोंड जितकं बारीक तितका एफचा आकडा मोठा). तुम्हाला मागचं धूसर हवंय म्हणून एफ/2.8 करायचं असेल तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी 64, उजेड 64 पट कमी करणारा गडद काचेचा फिल्टर. शटर वाढवून उजेड कमी करू नका, धावणारा माणूस तुटक तुटक दिसतो. फोनलाही क्लिपचा एनडी 64 पुरतो. फिरवून कमीजास्त करायचा व्हेरिएबल एनडी वाइड लेन्सवर टोकापर्यंत नेला की आकाशात काळी फुली उमटते, त्या अलीकडे थांबा.

शिवडीकर
बटर पेपरवरून आठवलं, हॅलोजनला तो दिव्याला चिकटवून लावू नका, पेटतो. निदान दीड-दोन फूट पुढे, वेगळ्या स्टँडवर. आणि 1000 वॉटचा एक हॅलोजन साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. साध्या 6 अँपियरच्या बोर्डावर दोन लावले की वायर तापते. गिझरचा 16 अँपियरचा सॉकेट शोधा.

वाकडी वाट
दिवे विकत घ्यायच्या आधी खिडकी वापरून बघा. नट खिडकीला काटकोनात बसवा, ट्यूब बंद करा (उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: ट्यूब 6500 केल्विन, साधा पिवळा बल्ब 2700, उन्हाचा उजेड 5600च्या आसपास, तिन्ही एकत्र आले की चेहऱ्यावर हिरवट-पिवळे डाग येतात). खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा सनबोर्ड, चेहऱ्यापासून तीन फुटांवर. पूर्वी थर्माकोल लावायचे, पण तो सजावटीला बंद झाल्यापासून सनबोर्ड सोयीचा, पावसात भिजला तरी चालतो. त्याच्या दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर चिकटवा. पांढरी बाजू लावली की सावली भरते, काळी लावली की गालाचा उतार गडद होतो. गंभीर प्रसंगाला काळी बाजू. एवढ्यानेच घरगुती चित्र सिनेमासारखं दिसू लागतं, खरंच करून बघा.

उजेड सरकतो हे ध्यानात ठेवा. एकाच प्रसंगाचे वाइड (लांबून सगळं दिसणारे) आणि क्लोजअप दोन तासांच्या आत उरकले नाहीत तर जुळत नाहीत. आधी वाइड घ्या. क्लोजअपला खिडकीचा उजेड नंतर बोर्डाने बनवता येतो, वाइडला नाही.

कोकणी मेवा
पावसाळ्यात एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, काच धुकते. पिशवी घट्ट बंद करून बाहेर अर्धा तास ठेवायची, मग उघडायची.
(पोहे किती करावे लागतात 12 जणांना?)

पाटीवरची
दीड किलो. आणि चहा दोनदा, नाहीतर चार वाजता सगळे ढेपाळतात.

धुळ्याचा गणू
उजेडवाला, 25 आणि 1/50 वर पट्टे गेले! पण आता वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीला जुळतो आणि पाच मिनिटांनी ओठांच्या पुढे जातो.

उजेडवाला
फोनचा फ्रेमरेट हलता असतो, उजेड कमी झाला की तो गुपचूप फ्रेम कमी करतो. एडिटिंगला घ्यायच्या आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल काढा, फ्रेमरेट 25, शेजारी 'कॉन्स्टंट' निवडा. मूळ फाइल पुसू नका. आणि प्रत्येक टेकच्या आधी टाळी, हात फ्रेममध्ये दिसतील अशी, म्हणजे तिच्यावरून चित्र आणि आवाज जुळवता येतात.

अक्षरवेल्हाळ
सबटायटलवर कुणीच लिहिलं नाही. मराठी नावं टाकली की 'प्रस्तुत'चा 'प् रस्तुत' होतो, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. एडिटिंगच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स, आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइप, तिथे 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हे टेक्स्ट इंजिन निवडा आणि युनिकोड फाँट वापरा. आधी टाकलेला मजकूर तसाच राहतो, म्हणून नवीन प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच करा. बाहेर लिहिलेली एसआरटी (सबटायटलची) फाइल यूटीएफ-8 मध्येच सेव्ह करायची, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं येतात. इंग्रजी सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको, ओळीत 42 अक्षरांच्या आत, आणि पडद्यावर निदान एक सेकंद.

वाकडी वाट
थोडं अवांतर, पण आपल्या मातीतलं. फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली होती. आज फोनवर तेच करायचं तर आधी गणित करा. दहा सेकंदांना 25 च्या हिशेबाने 250 फ्रेम. पाच दिवसांचे 7200 मिनिटं, भागिले 250, म्हणजे दर 29 मिनिटांनी एक. खिडकी काळ्या कागदाने बंद, एकच दिवा सतत चालू, एक्सपोजर आणि फोकस कुलूपबंद, फोन चार्जरला. कुंडीत पाणी स्टँडला धक्का न लावता, नळीने.

पाटीवरची
किती छान! शाळेतल्या मुलांकडून हे करून घेते.

शिवडीकर
परवानग्यांचं थोडक्यात. रायगड, शिवनेरी हे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले. तिथे ट्रायपॉड लावला की परवानगी विचारतात, लेखी काढूनच जा. रेल्वे स्टेशनचंही तसंच. ड्रोन उडवायचा तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावर नकाशा बघा. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते ऐनवेळी मिळत नाही. ऑस्करच्या नियमात लघुपट 40 मिनिटांच्या आत, श्रेयनामावलीसकट.

कोकणी मेवा
आजीच्या जात्यावरच्या ओव्या लघुपटात घ्यायच्यात. पारंपरिक आहेत म्हणजे हक्कांचा प्रश्न नाही ना?

अक्षरवेल्हाळ
ओवी पारंपरिक असेल तर शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण आजीच्या गाण्यावर गायिका म्हणून आजीचा हक्क आहे, कायद्याने 50 वर्षं. एक कागद करा: नाव, कुठल्या ओव्या, कुठे कुठे दाखवणार, तारीख, सही किंवा अंगठा. नेटवरून फुकट संगीत घेताना परवान्यात 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' दिसलं तर सोडून द्या, चित्राखाली लावणं हाही बदल धरला जातो.

रानजाई
आणि कोकणी मेवा, ओव्या जातं फिरवत असतानाच घ्या, बसवून गायला लावल्या की लय जाते. माइक दोन. एक आजींच्या गळ्याशी, त्यावर 80 हर्ट्झचा लो कट (त्याखालची घरघर गाळणारा फिल्टर) चालू. दुसरा जात्यापासून हातभर लांब, जाड टॉवेलच्या घडीवर ठेवलेला, त्यावर लो कट बंद. दोन वेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे शब्द कळेनासे झाले की घरघर कमी करता येते. जात्यात धान्य थोडं थोडं घालत राहायला सांगा, रिकामं जातं फार किरकिरतं.