मदत हवी आहे: उन्हाळी बायबल प्रशिक्षणासाठी मदतीचं पत्र कसं लिहू?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी कॉलेजात शिकतो. सुट्टीतल्या निवासी बायबल प्रशिक्षणासाठी निवड झाली आहे, पण खर्च ज्याचा त्याने उभा करायचा. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (पास्टर) शिफारसपत्र दिलंय, चर्चची मंडळीही थोडी मदत करतेय. साठवलेले पैसे धरूनही निम्मा खर्च उरतोच. कर्ज नको आहे.

आता नातेवाइकांना, ओळखीच्यांना पत्र पाठवायचंय. बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पाठवलेल्या पत्रात (फिलिप्पैकरांस, अध्याय 4) देणगीबद्दल किती मोकळेपणाने लिहिलंय! माझा मसुदा मात्र ‘कृपया सहकार्य करावे’च्या पुढे सरकत नाही, अगदी वर्गणीची पावती वाटते. पैसे थेट संस्थेच्या खात्यातच जातील.

ज्यांनी असं पत्र लिहिलंय त्यांना विचारतो: नेमकी रक्कम लिहावी की देणाऱ्यावर सोडावं? आणि प्रार्थनेची विनंती त्याच पत्रात केली तर ती पैशांची प्रस्तावना वाटेल का?